अडीच की पावणेतीन

दसऱ्याला आमच्या गावच्या घरी पाटावर विळा, कुऱ्हाड, वखराची पास, वहिनीची शिलाईची कात्री आणि हल्ली पुतण्याचा लॅपटॉप अशी सगळी शस्त्रं मांडली जातात. त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी असते आबाजींची, म्हणजे आजोबांची, दुनळी बंदूक. नळ्यांना हळदकुंकवाची बोटं, कुंद्यावर झेंडूची माळ. यंदा पूजा आटोपली तशी चुलतभावाची नजर माझ्याकडे वळली. "आता लायसन तुह्या नावावर झालं ना? मंग एक बार तं काढ. आबाजी असताना दर दसऱ्याले निघे." मी नाही म्हणायला हवं होतं. कुणाच्या जिवाला धोका होईल असा हौसेचा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, ही २०१९ ची दुरुस्ती मला पाठ आहे. लायसनच्या खेपा घालताना असलं बरंच काही पाठ झालं. पण अंगणात सगळा गोतावळा जमला होता, मुलं टक लावून बघत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. मी आत गेलो, कपाटातून एक काडतूस आणलं, बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीशी वाकवून उघडली, आणि उजव्या नळीत ते सोडलं. टुप्. इतकं अलगद बसलं की जणू त्याच घरात वाढलेलं. बंदूक मिटली. खट्.

ओसरीवर बाबा खुर्चीत बसले होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून ते दिवसाला चारदोन शब्द बोलतात, तेही बहुतेक पाणी, चष्मा, असे. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून एकदम स्वच्छ म्हणाले, "अडीच का पावणेतीन?"

"काकाजी, साडेअकरा झाले आत्ता," चुलतभाऊ म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा चिडून. तेवढ्यात वहिनी पोरांवर ओरडत बाहेर आली, शेजारच्यांची गाय अंगणात शिरली, एकच गोंधळ उडाला. त्या निमित्ताने मी बंदूक मोडली, काडतूस काढून खिशात टाकलं. बार निघालाच नाही. पुरणपोळ्या झाल्या, सोनं वाटून झालं, संध्याकाळी मी यवतमाळला परतलो.

बाबा घड्याळाकडे बघत नव्हते, हे मला पांढरकवडा मागे पडल्यावर सुचलं.

बंदूक आमच्याकडे आली तीसुद्धा दुसऱ्याच्या घरातून. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि वर्ध्याकडच्या एका वाड्यातून झुंबरं, बग्गी, पलंग असं एकेक बाहेर पडू लागलं. आबाजींनी त्यातून ही बंदूक घेतली. मालगुजाराने वाघ मारले असतील-नसतील, आमच्या आबाजींनी तिच्यातून मारलं ते फक्त रान जागं करणारं आवाजाचं औषध. तुरीत रानडुकरं शिरली, हरभऱ्यात रोही उतरले की आभाळाकडे नळ्या करून एक बार. सात-आठ किलोमीटरवर टिपेश्वरचं जंगल. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडेही बंदुकीची नोंद करावी लागते, म्हणून आमच्या या म्हातारीची नावं दोन सरकारी रजिस्टरांत आहेत; घरातल्या एकाही बाईच्या नावावर जमिनीचा सातबारा नाही, पण ते असो. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जाऊन बसते, निकाल लागले की परत येते. बाबांची सत्तरी उलटली तेव्हा परवाना वारसाच्या नावावर करता येतो असं कळलं. त्यानंतरचे चौदा महिने मी ज्या कचेऱ्यांत काढले त्यांची नावं लिहीत नाही. शेवटी हातात एक पुस्तिका आली. तीत बंदुकीचा नंबर आहे, बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप आहे, वर्षाला किती काडतुसं घ्यायची आणि एका वेळी किती बाळगायची तेही आहे. मला वाटलं होतं, बंदूक वारशात मिळाली म्हणजे सगळंच मिळालं.

लहानपणी मला आबाजींबरोबर जागलीला जायला मिळायचं. चार बल्ल्यांवर बांधलेला माच, खाली शेणकुटांची धुनी, गोधडीला पऱ्हाटीचा आणि धुराचा मिसळलेला वास. आबाजींकडे डालड्याच्या डब्यात काडतुसं असायची. तेव्हाची, कागदी नळीची, पितळी बुडाची. पावसाळ्यात ती फुगत. मग आबाजी एकेक काडतूस नळीच्या तोंडाशी लावून बघायचे, आणि जे अडेल ते बाजूला. "हे रुसलं," म्हणायचे. बार झाला की कानात शिट्टी वाजायची, समोरच्या तुरीत धावपळ, मग इतकं शांत व्हायचं की धुनीतली काडी तडकलेली ऐकू यावी. आणि दर बारानंतर आबाजी एकच गोष्ट करायचे. बंदूक मोडायचे, जळकं काडतूस काढायचे आणि नळीतून चंद्राकडे बघायचे. अमावास्येच्या आसपास चंद्र नसायचा, तेव्हा मला समोर बॅटरी धरायला लावायचे. कधीकधी मलाही बघू द्यायचे. आत चांदीच्या बांगड्या एकात एक ठेवल्यासारखी चकाकती वर्तुळं, आणि त्यांच्या टोकाला चणीच्या बोराएवढा चंद्र. "चांद दिसला पाह्यजे," एवढंच म्हणत. मला ती त्यांची हौस वाटायची. बिडी ओढणारे लोक बिडी ओढतात, आबाजी नळीतून चंद्र बघतात. एकदा चंद्र दिसला नाही. आवाजही नेहमीसारखा झाला नव्हता, ओल्या फटाक्यासारखं फुस्स झालं होतं. आबाजींनी बराच वेळ बंदूक मोडली नाही, नुसती समोरच्या अंधाराकडे रोखून धरली. मग मोडली, काडतूस काढलं, धुऱ्यावरून एक लांब तुराटी तोडून आणली, ती नळीत घालून काहीतरी बाहेर ढकललं आणि ते खिशात टाकून मला म्हणाले, "झोप आता." त्या रात्री दुसरा बार काढला नाही. डुकरांनी कोपऱ्यातली अर्धी तूर लोळवली.

मी शाळेत गणित शिकवतो. उत्तर बरोबर असलं आणि एकक लिहिलं नसलं तर अर्धा मार्क कापतो. पोरं माझ्या मागे काय बोलतात ते मला माहीत आहे.

दसऱ्याच्या सुट्टीतच बंदूक नागपूरला एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. तक्रार साधी होती, डावा घोडा जड चालतो. मिस्त्री सत्तरीचे असतील. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, भिंतीवर बिन-कुंद्याच्या नळ्या आणि तेलाचा, पितळ घासल्याचा वास. त्यांनी आधी परवाना पाहिला, मग स्वतः बंदूक मोडून ती रिकामी असल्याची खात्री केली, आणि वर न बघता विचारलं, "काडतूस कोणतं वापरता?" मी छाती काढून म्हटलं, "बारा बोअरचं." ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बारा तं आहेच. अडीच की पावणेतीन?"

माझ्या पोटात काहीतरी खाली गेलं. ऑगस्टमध्ये आणलेल्या डब्यातलं एक काडतूस अजून माझ्या खिशात होतं. ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं आणि अंगावरचा बारीक छापा नखाने दाखवला: ७० मिमी. म्हणजे पावणेतीन इंच. ज्या दुकानातून मी डबा घेतला तिथल्या पोराने परवाना बघितला, रजिस्टरमध्ये नोंद केली, सही घेतली, पैसे मोजले. बंदुकीबद्दल एक शब्द विचारला नाही. पण माझंही तेच. मी डब्यावरचा मोठ्या अक्षरातला १२ वाचला आणि खाली एकक असलेला आकडा वाचलाच नाही.

पुढचा अर्धा तास मी विद्यार्थी झालो. मिस्त्रींनी पुढचं लाकूड काढलं, नळ्या सुट्या केल्या, त्यांच्या बुडाचा सपाट भाग रॉकेलच्या चिंधीने पुसला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "हे पाहा तिचं मार्कशीट." छोटे छोटे मुकुट आणि त्यांच्याखाली अक्षरं: बीव्ही, बीपी, एनपी. बाजूला पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात १२ आणि सी. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस, १८१३ पासूनचं. तिथे बंदुकीत मुद्दाम नेहमीपेक्षा जबर बार भरून उडवतात. टिकली तर शिक्का, फाटली तर भंगार. हे तीन शिक्के १९०४ पासून मारू लागले, म्हणजे आमची म्हातारी त्यानंतरची. एनपी असणं हे आमचं नशीब. त्याचा अर्थ ती आजच्या बिनधुराच्या दारूवर तपासलेली आहे. फक्त काळ्या दारूवर पास झालेल्या जुन्या नळ्यांत आजचं काडतूस घालायचंच नाही, असं मिस्त्री म्हणाले, आणि कोपऱ्यातून एक नळी काढून दाखवली. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. अंगभर पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी. दमास्कस. इतकी देखणी की हात फिरवावासा वाटतो. "हिला भिंतीवरच शोभू द्यायचं," ते म्हणाले. आमच्या नळीवर आणखी एक आकडा होता, १⅛ औंस. साधारण ३२ ग्रॅम. याच्यावर छर्ऱ्यांचं वजन नको. मी चार नंबरचे छर्रे की मोठे, एलजीचे, असं काहीतरी विचारायला गेलो तर त्यांनी हात वर केला. ते नंतर. आधी लांबी, मग वजन.

चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या घराची, लांबी मात्र शिक्क्यांत नव्हती. ती त्यांनी पितळी गेज आत सोडून मोजली. अडीच इंच, बाजारातल्या भाषेत ६५ मिमी.

"पण हे तर बसलं होतं," मी म्हटलं. "अगदी सहज. बंदूकही मिटली."

ते हसले. खणातून एक वाजलेलं रिकामं काडतूस काढून माझ्या न वाजलेल्या काडतुसाशेजारी काचेवर उभं केलं. दोन्ही एकाच जातीची, पावणेतीनची. वाजलेलं चांगलं बोटभर उंच. न वाजलेल्याचं तोंड करंजीच्या मुरडीसारखं आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड. अडीचच्या घरात ते टुप् करून बसतं. बार होतो तेव्हा मुरड उलगडते, काडतूस आपल्या पुऱ्या लांबीला येतं, आणि ते तोंड उघडतं नेमकं तिथे जिथे चेंबर संपून नळी अरुंद होते. गळ्यात. छर्रे, दारूचा वायू, सगळ्याला त्याच क्षणी तिथून निघायचं असतं आणि वाटेत प्लॅस्टिकची किनार आलेली. दाब वाढतो. त्यात पावणेतीनच्या काडतुसात बऱ्याचदा मालही जास्त भरलेला. एकाच बाराला नळी फाटेलच असं नाही, मिस्त्री म्हणाले, आणि तोच धोका. दहा वेळा काही होत नाही, माणूस निर्धास्त होतो. "भाऊ, घुसलं म्हणजे चाललं असं थोडीच रायते? पासष्ट अन् सत्तरमधी फरक किती, तं ५ मिलिमीटर." गव्हाचा एक दाणा.

मला डालड्याचा डबा आठवला. कागदाचं फुगलेलं काडतूस निदान तोंडावर नाही म्हणायचं. हे गुळगुळीत लाल प्लॅस्टिक, ऊनपावसाला दाद न देणारं, हसत आत जातं.

मग त्यांनी नळ्या एका दोरीला टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. टण्ण. आवाज बराच वेळ बोळात फिरत राहिला. दोन नळ्यांमधली पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज बद्द येतो. आमची आजी उन्हाळ्याच्या तोंडाला पाटणबोरीच्या बाजारात माठ असाच वाजवून घ्यायची, आणि कुंभाराला न पटणारा भाव असाच कान लावून ठरवायची. दुसरी तपासणी कागदाची. नळ्या परत बसवून फटीत सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला आणि बंदूक मिटली. कागद ओढला तर निघेना. सांधा अजून घट्ट आहे. तिसरी तपासणी त्यांनी दाराकडे वळून केली. नळी डोळ्याला लावली आणि रस्त्यावरच्या आभाळाकडे बघितलं. उजवीतून. डावीतून. डावीतून बराच वेळ.

"घरी कोणी पाहत होतं का नळीतून? बार झाल्यावर?"

मी चंद्राची गोष्ट सांगितली. तुराटीचीही. मिस्त्री गंभीर झाले. काडतुसात छर्ऱ्यांच्या मागे नमद्याची जाड चकती असते. दारू दमट असली की कधीकधी ती नळीच्या बाहेर पडण्याएवढा जोर होत नाही, मध्येच अडकून बसते. बाहेरून सगळं ठीक. त्यावर दुसरा बार काढला की नळी केळीच्या सालासारखी फाटते. फुसका बार असं आपण फजितीला म्हणतो. आबाजींच्या खिशात त्या रात्री तो नमद्याचा तुकडा गेला, आणि शेजारी गोधडीत मी होतो. बारानंतर बंदूक ते इतका वेळ अंधाराकडे रोखून का धरून बसले होते तेही आता कळलं. दमट काडतूस उशिरानेही पेटतं. माच, धुनी, चंद्र हे सगळं मी चाळीस वर्षं नीट जपून ठेवलं होतं, फक्त त्यातलं काम कोणतं आणि हौस कोणती हे उलटं लावलं होतं.

डाव्या नळीत गळ्याच्या थोडं पुढे खड्डे होते. आबाजी गेल्यावर मधल्या काही वर्षांत बंदूक न पुसता ठेवली गेली, गंजाने आपलं काम केलं. मिस्त्रींनी आतलं माप घेतलं, भिंतीची जाडी मोजली आणि सरळ सांगितलं: डावी बंद. उजवी चालेल, ६५ मिमीचं, ३० ग्रॅमच्या आतलं, ताजं काडतूस असेल तर. खडकीच्या कारखान्याची ६५ आणि ७० दोन्ही येतात, मागताना आकडा तोंडाने सांगायचा आणि घेताना डोळ्याने वाचायचा. मग त्यांनी नळ्या तेलाच्या फडक्यात गुंडाळत विचारलं, "वाजवायची आहे का ठेवायची?"

याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही. शेतात आता कोण जागलीला जातं? टिपेश्वरात वाघ वाढले तशी माणसं दिवेलागणीलाच घरात येतात. कुंपणाला सौर झटका मशीन लावलंय, ते रात्रभर टिक्-टिक् करत राहतं. डुक्कर त्याच्या खालून जातं, रोही वरून. बार काढायला रात्री धुऱ्यावर जाणारा माणूस आता डुकरांपेक्षा वाघाच्या जास्त उपयोगाचा. बंदूक जमा करून टाकावी, असं बायको म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. पण चौदा महिने खेपा घातल्या त्या जमा करण्यासाठी नाही. हाही काही मोठा युक्तिवाद नव्हे. मी मिस्त्रींना म्हटलं, बघू. ६५ ची काडतुसं त्या दिवशी घेतली नाहीत. ७० चा डबा ज्यांच्याकडून आणला त्यांना परत करून पावती घेतली. पोराने कारण विचारलं नाही.

कोजागिरीला पुन्हा गावी गेलो. गच्चीवर चुलीवर दूध चढवलं होतं, वेलचीचा वास खाली अंगणापर्यंत येत होता. बाबांना खुर्चीसकट वर आणलं होतं. मी बंदूक मोडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, मग नळ्या काढून सुट्या केल्या आणि पुतण्याच्या मुलीच्या डोळ्याशी उजवी नळी धरली. "आबाबा! केवढ्या बांगड्या!" मग डावी. ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "हिच्यात चंद्राला देवी आल्यात." मी स्वतः बघितलं. खरंच, चांदीच्या वर्तुळांवर काळे बारीक ठिपके, जणू कुणी तिथे मोहरी सांडली होती. त्यांच्या पलीकडे चंद्र मात्र अख्खा होता.

नळ्या फडक्यात गुंडाळून मी बाबांच्या खुर्चीजवळ बसलो. त्यांचा उजवा हात हातात घेतला. दसऱ्यापासून हे त्यांना सांगायचं राहिलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "अडीच."

त्यांनी वर चंद्राकडे बघितलं, मग चुलीकडे.

"एवढ्यात?" ते म्हणाले. "दूध कुठं आटलं अजून."